अजिंठा, लेणे क्रमांक २: डावी भिंत

[दृश्य: मंडप, मंद उजेड. कॅमेरा डाव्या भिंतीकडे वळतो]

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर गर्दी हटत नाही. दुसऱ्यात येणारे छताकडे बघत बघत बाहेर पडतात. बुद्धजन्माची कथा मात्र इथे, मंडपाच्या डाव्या भिंतीवर आहे. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध.

प्रसंगांना चौकटी नाहीत. कुठे खांब आडवा येतो, कुठे झाड, तिथे प्रसंग बदलला असं समजायचं. तुषित स्वर्गातले बोधिसत्त्व, म्हणजे जन्म घेण्याआधीचे बुद्ध, त्यांच्या आईचं, मायादेवीचं स्वप्न, मग राजा शुद्धोदनासमोर स्वप्नाचा अर्थ लावणारे ब्राह्मण.

[दृश्य: खांबाला टेकलेली स्त्री, जवळून]

एक पाय गुडघ्यात दुमडून मागे खांबाला टेकवलेला. बहुतेक अभ्यासक हिला मायादेवीच मानतात.

[दृश्य: लुंबिनी]

इथे खाट नाही, सुईण नाही. आई उभी आहे, हात शालवृक्षाच्या फांदीवर. शिल्पातल्या शालभंजिकेची, म्हणजे झाडाची फांदी धरून उभ्या स्त्रीची, ही जुनी ढब. कथेप्रमाणे बाळ उजव्या कुशीतून आलं आणि इंद्रानं ते झेललं.

[दृश्य: उडालेला रंग, उघडी माती]

जिथे रंग गेलाय, तिथेच कृती कळते. बेसॉल्टची भिंत छिन्नीनं मुद्दाम खडबडीत ठेवलेली, गिलावा धरावा म्हणून. पहिला थर जाड: लोहयुक्त माती, दगडाची कच, भाताचा तूस, गवत. दुसरा बारीक मातीचा. वर चुन्याचा पातळ हात. रेखाटन गेरूनं, मग रंग, शेवटी गडद बाह्यरेषा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, तो दुरून आणलेला. रंग सुक्या पृष्ठभागावर, सरस किंवा डिंकात कालवून लावलेले. म्हणजे ओल्या चुन्यात मुरलेले नव्हेत, आणि खरी अडचण तीच. पाणी झिरपलं की बांधणी सुटते. तूस आणि गवत किडे खातात, गिलावा आतून पोकळ होतो आणि पापुद्र्यानं सुटतो.

[दृश्य: पिवळसर पडलेला भाग]

हा पिवळेपणा मूळचा नाही. एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्यांनी रंग उठावेत म्हणून वार्निश फासलं. १९२०-२२मध्ये निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटता गिलावा बसवला, ते चांगलंच केलं. पण वर लाखेचं वार्निशही चढवलं. ते काळवंडलं. आता ते विद्रावकानं, आधी लहानशा तुकड्यावर चाचणी घेऊन, काढावं लागतं. घाई झाली तर वार्निशाबरोबर रंगही बोळ्यावर येतो.