ठिणगी कुठे पडू द्यायची? बॅटरी उतरलेली गाडी आणि चार चिमटे

(पाना कॅमेऱ्याजवळ धरून)

हा १० नंबरचा पाना बघा. इथे, दांड्याच्या मधोमध, उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसतेय? तिथलं लोखंड वितळलंय, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी बॅटरीच्या प्लसचा नट सैल करत होतो, मायनस तसाच जोडलेला, आणि पान्याचा दांडा बॉडीला टेकला. निळा लखलखाट झाला, फटाक्यासारखा आवाज, आणि पाना हातातून उडाला. त्या दिवशी बोटात अंगठी नव्हती हे नशीब. आता बॅटरीला हात लावण्याआधी मी अंगठी, घड्याळ, कडं, सगळं काढून ठेवतो.

१२ व्होल्ट म्हणजे किरकोळ, असं आपल्याला वाटतं. कोरड्या हाताने दोन्ही टर्मिनल धरली तरी शॉक बसत नाही, हे खरंच आहे. पण सेल्फ मारताना हीच बॅटरी दीडशे-दोनशे अँपिअर सहज देते आणि थेट शॉर्ट झाली तर त्याच्या कितीतरी पट. शॉकची काळजी सोडा, ठिणगीची करा. कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के जरी साठला तरी ठिणगीने भडकतो, आणि बॅटरी फुटली की आतलं सल्फ्युरिक ॲसिड थेट तोंडावर येतं. म्हणून चष्मा घाला. मी घालतोय, तुम्हीही घाला.

आज बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून सुरू करायची आहे, म्हणजे जंप द्यायचा आहे. लाल आणि काळी अशा दोन केबल, त्यांच्या टोकांना मिळून चार चिमटे. मी तुमच्याकडून चिमट्यांचा क्रम पाठ करून घेणार नाही. ठिणगी कुठे पडते तेवढं दाखवतो, क्रम आपसूक लक्षात राहील.

आधी दुखणं बॅटरीचंच आहे ना, ते ऐका. (चावी फिरवून) टिकटिकटिकटिक... हा बॅटरी उतरल्याचा आवाज. एकच जोरात ‘टक्’ आला आणि दिवे झगझगीत असले, तर सेल्फच्या मोटरकडे किंवा तिच्या जोडणीकडे बघा. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही? मग बॅटरीचा काही दोष नाही, केबल डिकीतच राहू द्या. आणि टर्मिनल हाताने हलवून बघा. हलतंय? घट्ट करा आणि परत सेल्फ मारा. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं आणि ज्याला मदतीला बोलावलं तो हसत घरी जातो.

बॅटरी फुगली असेल, तडा गेला असेल, गोठली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर जंप द्यायचा नाही. बॉनेट लावा, मेकॅनिकला बोलवा.

दुसरी गाडी १२ व्होल्टचीच हवी. मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, मदतीला आला म्हणून ट्रकला केबल लावू नका. हायब्रिड असेल तर आधी गाडीचं पुस्तक उघडा, आणि हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला कुठल्याच कारणाने हात लावू नका. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल किंवा पार्कमध्ये ठेवा, सगळं बंद.

आता प्लस ओळखा. लाल वायर म्हणजे प्लस असं धरून चालू नका, आधी कुणीतरी वायर बदललेली असू शकते. बॅटरीच्या डब्यावर अधिकचं चिन्ह कोरलेलं असतं. धुळीने भरलं असेल, पुसून बघा. आणखी एक खूण: (जवळून) हे दोन गोल खुंट बघा, प्लसचा जरा जाड असतो. उलटसुलट जोडलंत तर फ्यूज उडेल, अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) डायोड जातील, कदाचित गाडीचा कॉम्प्युटरही.

पहिला लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला. दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. उलट क्रमाने केलं तर हातातलं मोकळं लाल टोक जिवंत असतं. ते मदत करणाऱ्या गाडीच्या बॉडीला कुठेही टेकलं की माझ्या पान्यासारखा प्रकार होतो. तिसरा, काळा, चांगल्या बॅटरीच्या मायनसला.

आणि आता हा चौथा. इथेच बहुतेक लोक चुकतात, कारण हात आपोआप उतरलेल्या बॅटरीच्या मायनसकडे जातो. दिसायला सरळ आहे ना: प्लसला प्लस, मायनसला मायनस. गाडी सुरूही होते, म्हणून कुणाला चूक कळत नाही. पण विचार करा, तीन चिमटे लागेपर्यंत सर्किट पूर्ण झालेलं नाही. ते पूर्ण होतं या चौथ्याने. (गॅरेजचा दिवा बंद करून) नीट बघा... चट्! दिसली? ही ठिणगी टाळता येत नाही. ती कुठे पडू द्यायची एवढंच आपल्या हातात आहे. मायनसच्या खुंटावर, जिथे खाली हायड्रोजन असू शकतो? की इथे, इंजिनच्या या लोखंडी हुकावर, बॅटरीपासून हातभर लांब?

रंगवलेला पत्रा चालत नाही, प्लास्टिक तर नाहीच. उघडा बोल्ट, ब्रॅकेट, इंजिन उचलायचा हुक, असं काहीतरी शोधा. बऱ्याच गाड्यांत याच कामासाठी वेगळी जागा दिलेली असते. बॅटरी डिकीत असेल तर बॉनेटखाली लाल टोपीखाली प्लस सापडतो. पंखा आणि पट्ट्यांपासून केबल दूर ठेवा.

चांगली गाडी सुरू करा आणि चार-पाच मिनिटं थांबा. मग उतरलेल्या गाडीला सेल्फ, पाच सेकंदांहून जास्त नको. नाही घेतली तर मिनिटभर दम खा. केबल गरम लागतेय? थांबा. (दोन केबल दाखवून) या दोन्ही बाहेरून सारख्याच जाड. हिच्यात तांबं भरलंय, हिच्यात तांबं कमी आणि प्लास्टिकच जास्त. स्वस्त केबलची जाडी बहुतेक वेळा अशीच फसवी असते.

सुरू झाली! आता जो चिमटा शेवटी लावला तो सगळ्यात आधी काढायचा, मग उलट क्रमाने बाकीचे. सुटे चिमटे एकमेकांना लागू देऊ नका. आणि आता इंजिन चालू असताना बॅटरीची टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर चालतो का’ असली जुनी परीक्षा घेऊ नका, व्होल्टेजच्या उसळीने इलेक्ट्रॉनिक्स जळतं. धक्का मारून सुरू करणं? ऑटोमॅटिक गाडीत जमत नाही, विषय संपला.

इथून अर्धा-पाऊण तास गाडी चालवलीत तर घरी पोचाल, पण बॅटरी भरणार नाही. रिकामी बॅटरी भरायला चार्जर रात्रभर लावावा लागतो. तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि क्षमता कायमची जाते.

पूर्ण चार्ज करा, काही तास बंद ठेवा, मग मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली जवळपास रिकामी. ही आज सकाळी ११.६ होती. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तिथेही १२ च्या आसपासच असेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा. आणि भरलेली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर तिचं वय झालंय. स्टार्ट-स्टॉपची गाडी (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी) असेल तर बदलताना तिच्या जातीचीच बॅटरी घ्या, साधी टिकत नाही.

टर्मिनलवर ही पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि ब्रश. काढताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. मायनस सुटलेला असला की पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. मला हे एक पाना गमावून कळलं. पुसून कोरडं करा, वर पेट्रोलियम जेली. बॅटरीला झाकणं असतील तर प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी किंवा ॲसिड नाही.

राहिला प्रश्न ही उतरलीच का. डिकीतला ५ वॉटचा दिवा घ्या. ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. ४० अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत अर्धी. पण डिकी लावल्यावर दिवा विझतो की नाही, कळणार कसं? मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो आत ठेवला आणि डिकी लावली. (फोन दाखवून) हे बघा, डिकी बंद झालीय आणि आत लख्ख उजेड. स्विचचा खटका आत अडकून बसला होता. नखाने ओढला, आणि हा दुसरा व्हिडिओ: डिकी लागली, अंधार.