विनय आमच्या वर्गात नाही

नमस्कार, श्रोतेहो. आज मला विषय दिलाय तो असा: मुलांवरचे अत्याचार आणि आपल्या आमदार-खासदारांची जबाबदारी. मी सव्वीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली केली. त्यामुळे सवयीनं आधी प्रकरण सांगते, कायदा मागाहून. मुलीचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही.

२००९ सालची गोष्ट. साक्षीदार आठ वर्षांची, तिसरीतली. सकाळी साडेदहापासून ती व्हरांड्यातल्या बाकावर आईला चिकटून बसलेली. आणि समोरच्या बाकावर कोण? ज्याच्याविरुद्ध तिला बोलायचं होतं तोच माणूस. जामिनावर सुटलेला, निवांत पान चघळत. घरापासून चौथ्या दारात त्याचं दुकान. ही त्याला काका म्हणायची.

दुपारी दोनला पुकारा झाला. साक्षीदाराचा पिंजरा मोठ्या माणसाच्या मापानं केलेला. ही आत उभी राहिली तर कठड्यावरून नुसत्या दोन लाल रिबिनी दिसायला लागल्या. मग शिपायानं जुन्या दाव्यांचे दोन गठ्ठे आणून पायाखाली दिले. तेव्हा कुठे चेहरा दिसला. मी सरकारी वकिलांच्या मदतीला होते.

आरोपीचे वकील उठले. आवाज अगदी गोड. "बाळ, तुझ्या जबाबात लिहिलंय की यांनी तुझा विनयभंग केला. विनयभंग म्हणजे काय, सांग बरं."

मुलीनं आईकडे पाहिलं. आईची मान खाली. मग तिनं विचार केला, खरंच केला, आणि बाईंना हजेरी सांगावी तसं खणखणीत सांगितलं, "विनय आमच्या वर्गात नाही."

कोर्ट हसलं. कारकून हसले, मागे बसलेले पक्षकार हसले. क्षणभर माझ्याही ओठांवर आलं, खोटं कशाला बोलू? पण शाळेत उत्तर चुकलं की सगळे हसतात, एवढंच त्या पोरीला ठाऊक. तिला वाटलं, आपलं चुकलं. त्यानंतर एक शब्द नाही. न्यायाधीशांनी पाणी दिलं, शिपायानं स्वतःच्या डब्यातली वडी आणून दिली. वडी तिनं मुठीत धरली ती धरलीच. माणूस पुराव्याअभावी सुटला.

आता मला सांगा, तो शब्द तिच्या जबाबात आला कुठून? ठाण्यातल्या लेखनिकाच्या हातून. 'सदर इसमाने' हे एकदा कागदावर पडलं की पुढे 'विनयभंग' हाताला आपोआप येतो. बाहेर आल्यावर मी आईला विचारलं, पोर पहिल्यांदा काय म्हणाली होती? आई म्हणाली, "तिकडं साखर आणाया धाडू नगं, काका घाणेरडा खेळ खेळत्यात." बस, एवढंच. हे वाक्य कागदावर असतं, तर तिला त्याचा अर्थ कुणी विचारला नसता.

जाता जाता सांगते, मला हा विनयभंग शब्दच पटत नाही. भंग झालाच असेल तर त्या दुकानदाराच्या विनयाचा झाला. पोरीचा कसा? असो.

पाच वर्षांनी दुसरं गाव, दुसरी मुलगी, वय साधारण तेच. फौजदारबाई साध्या सुती साडीत घरी आल्या. जीप एसटी स्टँडवरच थांबवलेली. आजी ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना वाटलं, बचत गटाच्या बाई आल्या. "हप्ता परवाच भरला की वो!" बाईंनी ओळख सांगितली, पदर खोचला, खाली बसल्या आणि त्याही शेंगा सोलायला लागल्या. मुलगी जवळ सरकली. दाणे टोपलीत पडत गेले, पोर बोलत गेली. दीड तास. आणि बाईंनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. जसेच्या तसे! कोर्टात वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांनी स्वतः विचारले. आरोपी पडद्याआड. त्या पोरीनं सगळं सांगितलं, मधे दोनदा शू करून आली. त्या माणसाला शिक्षा झाली.

या दोन मुलींच्या मधे काय घडलं? कायदा आला, श्रोतेहो. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा कायदा. १० मे २०१२ ला राज्यसभेत आणि २२ मे २०१२ ला लोकसभेत मंजूर झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, लागू झाला. त्याआधी २००७ मध्ये केंद्र सरकारचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तेरा राज्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांनी कसला ना कसला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. त्यांत मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्तच होते. म्हणून हा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यानं तर २००३ मध्येच स्वतःचा बाल कायदा करून मुलांसाठी वेगळं न्यायालय नेमलं होतं. लहान राज्य, पण आधी जागं झालं.

माझं म्हणणं काय, तर लोकप्रतिनिधींचं खरं काम बारीक ओळींत असतं. अधिकारी गणवेशात नसावा, ही एक ओळ. जबाब मुलाच्या शब्दांत घ्यावा, ही दुसरी. प्रश्न न्यायाधीशांमार्फत जावेत, ही तिसरी. या ओळींना सभागृहात कुणी बाकं वाजवत नाही. बाकं वाजतात फाशीला. २०१९ च्या दुरुस्तीत तीही आली. पण करणारा सख्खा दीर असेल तर फाशी ऐकून घरातली बाई तक्रारीला पुढे येईल की मागे सरेल? मला तर मागेच सरेल असं वाटतं.

त्याच २०१९ च्या चर्चेत राज्यसभेत खासदार डेरेक ओब्रायन उठले आणि म्हणाले, तेरा वर्षांचा असताना कोलकात्यात गर्दीच्या बसमध्ये माझ्याशी असं घडलंय. पुरुषानं, खासदारानं, भर सभागृहात सांगितलं. पक्ष कुठलाही असो, मी त्या दिवशी रेडिओसमोर हात जोडले.

शब्दाला किती किंमत असते बघा. २०२१ च्या जानेवारीत नागपूर खंडपीठानं म्हटलं, कपड्यावरून स्पर्श झाला तर या कायद्याचं कलम लागत नाही. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. भांडण होतं कलमातल्या 'शारीरिक संपर्क' या दोन शब्दांवर.

आणखी एक, विषय सोडून. पाहुणे आले की "मामाला पापा दे, दे ना" म्हणून पोरांना पुढे ढकलणं बंद करा हो! नको म्हणालं मूल, तर नको. मामा रुसला तर रुसू दे.

आपलंही काम आहे. असं काही घडल्याचं कळूनही गप्प बसणं, हा या कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. पुन्हा सांगते, गप्प बसणं हा गुन्हा आहे. फोन १०९८. एक, शून्य, नऊ, आठ. दिवसरात्र चालू.

गेल्या महिन्यात मी आमच्या आमदारांकडे गेले होते. म्हटलं, साहेब, अधिवेशनात तारांकित प्रश्न टाका, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा. आपल्या जिल्ह्यात पॉक्सोचे किती खटले वर्षाच्या आत निकाली निघाले? कायद्यात शक्यतो वर्षाचीच मुदत आहे. आणि मुलांना आरोपीसमोर बसावं लागू नये म्हणून वेगळी खोली किती कोर्टांत आहे? साहेबांनी कागद उलटून पाहिला. म्हणाले, "बाई, यात रस्त्याचं काहीच नाही?" नाही म्हटलं. मग त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि चहा सांगितला.

प्रश्न गेलाय. उत्तर आलं की याच वेळेला येऊन वाचून दाखवीन. नमस्कार.