सोनेरी बटा आणि मोरचूद

नमस्कार श्रोतेहो. सुट्टी लागली की सांगलीतले तरण तलाव भल्या सकाळपासून गजबजतात. त्यात हल्ली केस सोनेरी करायची टूम. या दोन्हींची गाठ पडली की काय होतं, ते आमच्या पुतणीच्या डोक्यावर सगळ्या घरानं पाहिलं.

पोरगी पुण्याहून आली तीच बटा रंगवून. रोज सकाळी तलावावर. आठवडा झाला असेल-नसेल, न्हाऊन आरशासमोर बसली आणि किंचाळलीच. पुढच्या बटांवर चक्क शेवाळी झाक! क्लोरीननं वाटोळं केलं म्हणून रडारड. नणंदबाई पार्लरला फोन लावतायत, जाऊबाई शिकेकाई शोधतायत. तेवढ्यात सासरे आले. तासगावकडं सगळी हयात द्राक्षबागेत गेलेली. त्यांनी एक बट बोटांत धरली, खिडकीशी उजेडात नेली आणि म्हणाले, "क्लोरीन न्हवं पोरी, मोरचूद हाय ह्यो. बागेवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो औषध मारून आल्यावर माझा सदरा बघितलायस न्हवं?" कुणाला पटेना. संध्याकाळी दीर तलावावर विचारून आले. शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात मोरचूदच टाकलेला!

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, कॉपर सल्फेट. तर हिरवा रंग तांब्याचा. क्लोरीन त्या तांब्याला केसावर बसायला मदत करतं, एवढाच त्याचा गुन्हा. काळ्या केसांवर ते दिसत नाही. ब्लीच केलेल्या आणि पिकलेल्या केसांवर दिसतं. आजोबांनो, तुम्हीही ऐका.

पाण्यात उतरण्याआधी केस साध्या पाण्यानं चिंब भिजवा. कोरडा केस कोरड्या भाकरीगत, मिळेल ती आमटी ओढणारच. पुन्हा सांगते, आधी चिंब भिजवा. मग बोटभर खोबरेल, त्यावर टोपी. बाहेर आलात की लगेच धुवा. शॉवर असतो, पण त्याखाली उभं राहतो कोण? 1929 च्या आयर्विन पुलाजवळ पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेल्यांना असली भानगड नव्हती, आणि पोहणं नदीतच शिकावं असं माझं आपलं मत. पण पट्टीचं माणूस सोबत हवं, बरं का.

हिरवं झालंच, तर लिंबाचा रस पाण्यात मिसळून केसांना लावा, थोड्या वेळानं धुवा. दुकानात चिलेटिंग शाम्पू, म्हणजे केसावर बसलेला धातू ओढून काढणारा, मिळतो, तोही चालतो. मात्र हिरव्यावर घाईनं पुन्हा ब्लीच नको. तांबं आणि ब्लीचमधलं पेरॉक्साइड एकत्र आले की केस तुटतात. आधी तांबं काढा, मग पार्लर गाठा.