निचोमेत पाहुणा म्हणून जाताना

मंडळी, नमस्कार. आजच्या पोस्टरवर विषयाच्या मागे निऑन पाट्यांचा जो झगमगता फोटो आहे, तो काबुकिचोचा आहे. टोकियोच्या शिंजुकु स्टेशनातून बाहेर पडलं की परदेशी माणसाला आधी तेच दिसतं. मी बोलणार आहे ती वस्ती तिथून पंधरा मिनिटं चालत पूर्वेला आहे आणि रात्री आठ वाजता तिच्यात काही विशेष असेल असं वाटतही नाही. शिंजुकु निचोमे. मेट्रोच्या शिंजुकु-सान्चोमे स्टेशनातून बाहेर यायचं, दोन वळणं घ्यायची आणि नाका-दोरी नावाच्या साध्याशा रस्त्यावर उभं राहायचं. ह्या रस्त्याच्या आजूबाजूच्या चार-पाच गल्ल्यांत गे बार किती? तीनशेच्या आसपास, असं सगळेच सांगतात. ओसाकात दोयामा आहे, साप्पोरोत सुसुकिनो, फुकुओकात सुमियोशी. पण एवढी दाटी कुठेच नाही.

आपल्याकडून टोकियोला जाऊन आलेली मुलं मला भेटतात तेव्हा त्यांचा एक ठरलेला सूर असतो. "तीनशे बार म्हणतात, पण आम्हाला चारच उघडे मिळाले. बाकी ठिकाणी दार उघडलं की आतला माणूस हातांची फुली करून दाखवतो." काहीजण सरळ म्हणतात, जपानी लोक वंशवादी आहेत. आज मला ह्या फुलीबद्दलच बोलायचंय, कारण ती समजली की निचोमे समजतं. आणि मग जेवणाबद्दल, कारण शेवटी आपण मराठी माणसं आहोत.

आधी बारचं गणित. इथला बार म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. एक काउंटर, समोर आठ-दहा उंच स्टुलं, मागे बाटल्यांची मांडणी आणि एक कराओके यंत्र. काउंटरमागे एकच माणूस: मालक. त्याला मास्टर म्हणतात किंवा मामा. पुरुष असला तरी मामाच, आणि ह्या मामाचा आपल्या मामाशी काही संबंध नाही. नेहमीचं गिऱ्हाईक शोचू ह्या जपानी दारूची अख्खी बाटली विकत घेतं, तिच्या गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून ती मांडणीवर ठेवली जाते आणि पुढचे कित्येक आठवडे तो माणूस येऊन तीच पितो. बसल्याबद्दल वेगळा आकार द्यावा लागतो, बरेचदा हजार-दीड हजार येन, आणि त्याबरोबर एक छोटी वाटी खायला येते. ग्राहक तीन तास बसतो, दोन गाणी म्हणतो, साहेबाबद्दल तक्रार करतो, मामा ऐकतो. मामाची कमाई पेयावर नसते, ह्या ऐकण्यावर असते. आता आपण चौघं आत शिरलो. निम्मी स्टुलं भरली. प्रत्येकी एक बिअर मागवली, आपापसात मोठ्यानं बोललो, जपानी येत नसल्यानं मामाशी बोलणं शून्य. दहाच्या सुमाराला त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक दारात आलं आणि जागा नाही म्हणून परत गेलं. त्या रात्री त्याचं काय गेलं ह्याचा हिशेब तुम्हीच करा.

पण हे सगळं पैशाच्या गल्ल्याशी नेऊन थांबवलं तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. मार्च 1985 मध्ये जपान सरकारनं देशातला एड्सचा पहिला रुग्ण जाहीर केला: अमेरिकेत राहणारा एक समलिंगी जपानी पुरुष. खरं तर तेव्हा जपानमध्ये हिमोफिलियाचे कितीतरी रुग्ण दूषित रक्तघटकांमुळे बाधित झालेले होते. पण लोकांच्या मनात चित्र बसलं ते हेच, की हा रोग बाहेरून येतो आणि गे माणसांबरोबर येतो. निचोमेतल्या बारवाल्यांनी त्या घबराटीत परदेशी माणसांना दारं लावली. पाट्या लागल्या. भीती ओसरली, पण लागलेली पाटी काढायला कुणीतरी शिडी लावावी लागते. आजही काही दारांवरचा नकार निव्वळ पूर्वग्रहातून येतो, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. एवढंच सांगेन, की त्याच निचोमेत 2003 साली अक्ता नावाचं केंद्र उभं राहिलं. तिथले स्वयंसेवक एकेका बारमध्ये फिरून निरोधची पाकिटं पोचवतात, एचआयव्हीची माहिती देतात. तपासणीबद्दल कधी प्रश्न पडला तर तिथे जा.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 2015 साली टोकियोजवळच्या हितोत्सुबाशी विद्यापीठात एका गे विद्यार्थ्यानं मित्रापाशी मन मोकळं केलं. मित्रानं ते ग्रुप चॅटवर टाकून दिलं. काही आठवड्यांनी तो मुलगा विद्यापीठाच्या इमारतीवरून पडून गेला. हे विद्यापीठ ज्या गावात आहे त्या कुनिताचीनं 2018 मध्ये नियमच केला, की कुणाची लैंगिकता त्याच्या परवानगीशिवाय उघड करायची नाही. 2020 मध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयानंही असं उघड करणं बेकायदा असल्याचं म्हटलं. आता त्या आठ स्टुलांवर कोण बसलेलं असतं ते डोळ्यांपुढे आणा. बँकेतला माणूस, शाळेतला शिक्षक, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. जपानमध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. एकोणिसाव्या शतकातली आठ-दहा वर्षं सोडली तर ते कधी गुन्हा नव्हतेच. आपल्यासारखं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 त्यांच्या मानगुटीवर नव्हतं. पण कायद्याची भीती नसली म्हणजे ऑफिसची भीती नसते असं नाही. म्हणून बारमध्ये मोबाइल वर करून फोटो काढायचा नाही, रील तर मुळीच नाही. ह्या एका पथ्यावर मी तडजोड करणार नाही.

माझ्या डोक्यात ह्या सगळ्यासाठी एकच उपमा बसलीय: ओळखीच्या ओळखीनं कुणाच्या घरच्या गणपतीला जाणं. आपण आठ जण घेऊन जात नाही. घरच्यांचे फोटो काढत नाही. हातावर ठेवलेला प्रसाद घेतो, चार शब्द बोलतो, पुढच्या माणसाला जागा करून उठतो.

ही वस्ती इथेच का झाली, ह्याची गोष्ट मात्र मी सविस्तर सांगणार. 1698 साली कोशु महामार्गावर नाइतो-शिंजुकु नावाचा मुक्काम वसला. वाटसरूंना भात वाढायच्या नावाखाली खानावळींत बायका ठेवल्या जात, आणि त्यांचं खरं काम काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. निचोमेतल्या जोकाकुजी ह्या देवळात ह्या बायकांचं स्मारक आहे. त्या मेल्या की गवताच्या चटईत गुंडाळून तिथे आणून टाकत. शेजारीच ताइसोजी. तिथे एम्मा म्हणजे आपला यम बसलाय, साडेपाच मीटर उंच, 1814 सालचा. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर तिथवर गेलेला. त्याच दालनात एक म्हातारी आहे, दात्सुएबा, मेलेल्यांची वस्त्रं नदीकाठी उतरवून घेणारी. आणि वेश्यावस्तीनं हिलाच धंद्याची देवी केलं, कारण कपडे उतरवणं हेच तर त्यांचंही काम! मला हा विनोद फार आवडतो. जाळीतून पाहायला बटण दाबावं लागतं, मग आतला दिवा लागतो. बारमध्ये जायच्या आधी दुपारी बघून या.

विसाव्या शतकात हीच जागा सरकारमान्य वस्ती झाली. 1956 मध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा संमत झाला, 1 एप्रिल 1958 पासून शिक्षेची कलमं लागू झाली आणि गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या पडल्या. भाडं उतरलं. बदनाम जागेत अब्रूदार दुकानदार यायला तयार नव्हते. ज्यांचा अब्रूचा प्रश्न आधीच सुटलेला होता ते आले. 1960च्या दशकात एकेक करून गे बार इथे सरकत गेले. मग 1971 मध्ये 'बाराझोकु' नावाचं मासिक निघालं, गे पुरुषांसाठीचं आणि साध्या पुस्तकांच्या दुकानात मिळणारं. दूरच्या प्रांतातल्या मुलाला कळलं, की टोकियोत अशी एक जागा आहे. आपल्याकडे 'बॉम्बे दोस्त' यायला 1990 उजाडलं, आणि मुंबईत त्यानंतरही बरीच वर्षं कुलाब्याच्या व्हूडूमधली शनिवारची रात्र, एवढाच काय तो आसरा होता. ह्यात मला हेवा वाटतो, तो मी लपवत नाही.

बरं, उघडी दारं कोणती? नाका-दोरीवरच्या आइरो कॅफेला इंद्रधनुषी तोरी कमान आहे, तिथे एक पेय घ्यायचं आणि रस्त्यावरच्या गर्दीत उभं राहायचं. बसण्याचा आकार नाही. निम्मं टोकियो पहिल्यांदा तिथेच थांबतं. आर्टी फार्टी नाचायला. ईगल टोकियो ब्लू थोड्या वयस्क, दाढीवाल्या, भरल्या अंगाच्या पुरुषांचा. कॅम्पी बारमध्ये काउंटरमागे ड्रॅग क्वीन, म्हणजे बायकी थाटात नटलेले कलाकार, असतात आणि कुणीही गेलं तरी चालतं. असे सगळ्यांसाठीचे बार तिथे मिक्स बार म्हणून ओळखले जातात. जायच्या आधी त्यांची इंटरनेटवरची पानं बघून घ्या, इथे बार बंद व्हायला वेळ लागत नाही. छोट्या बारमध्ये जायचं असेल तर एकटे जा, फार तर दोघं, आठ-नऊच्या सुमाराला, दार थोडं उघडून "हाजिमेते देस गा, ई देस का?" एवढं विचारा. पहिल्यांदाच आलोय, चालेल का. चालेल म्हणाले तर बसा. टिप देऊ नका, तिथे पद्धत नाही. त्याऐवजी "मामा मो इप्पाइ दोझो" म्हणा, म्हणजे मामालाही तुमच्या बिलात एक पेय. बर्फ त्या क्षणी वितळतो. पासपोर्ट जवळ ठेवा, वयाची अट वीस वर्षांची आहे.

आता जेवण. निचोमेत शिरायच्या आधी सान्चोमेत जेवून घ्यावं असं माझं मत. तिथे सुएहिरोते नावाचं 1946 सालचं लाकडी कथागृह आहे, त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत इझाकाया, म्हणजे खाण्यापिण्याचे साधे अड्डे, भरपूर. पण शिंजुकुत पहिली रात्र असेल तर मी तुम्हाला नाकामुराया दाखवीन. 1912 मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला, त्या कटातले रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानला पळाले. इंग्रजांच्या दबावाखाली जपान सरकार त्यांना हाकलायला निघालं तेव्हा नाकामुराया ह्या पावाच्या दुकानाच्या मालकांनी त्यांना लपवलं, पुढे त्यांच्याच मुलीशी बोसांचं लग्न झालं. 1927 मध्ये दुकानानं उपाहारगृह काढलं आणि बोसांच्या आग्रहानं हाडांसकट कोंबडीची भारतीय करी ठेवली. ती आजही मिळते, त्याच जागी. ह्या शहरानं लपून राहणाऱ्या माणसांना वाटीभर काहीतरी खाऊ घातलंय, बोस काही एकटे नव्हते.

शाकाहारींसाठी वाईट बातमी: बारमधली ती छोटी वाटी, ओतोशी, नाकारता येत नाही, तिचे पैसे लागतातच. बटाट्याचं सॅलड असेल तर त्यात हॅम, हिजिकी ह्या समुद्री शेवाळात माशाचा दाशी म्हणजे अर्काचं पाणी, तोफूवर कात्सुओ ह्या वाळवलेल्या माशाचे तलम काप. उमेबोशी ह्या खारवलेल्या आंबट फळाच्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यातसुद्धा कधी कधी कात्सुओचा अर्क असतो, पाकीट वाचा. "कात्सुओ दाशी मो दामे देस", म्हणजे कात्सुओचा दाशीही चालत नाही, हे पाठ करा, पण रात्री अकरा वाजता एकट्या मामाकडून वेगळ्या स्वयंपाकाची अपेक्षा करू नका. एदामामे, म्हणजे उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, मागा, सुखात राहा. भारतीय किराणा हवा असेल तर शिन-ओकुबो एक स्टेशन पुढे आहे.

शेवटची गाडी साडेबारा-एकच्या सुमाराला सुटते, पहिली पाच वाजता. मधल्या चार तासांत टॅक्सीला वीस टक्के जास्त पडतात, म्हणून लोक सरळ सकाळपर्यंत बसतात आणि मग रामेन खाऊन जातात. नाचायलाही आता हरकत नाही. 1948 च्या कायद्यानं मध्यरात्रीनंतर नाचाला बंदी होती, ती 2016 मध्ये सैल झाली.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली: हॉटेलात दोन पुरुषांना डबल बेड देतात का? देतात. 2018 मध्ये सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आलं, की ह्या कारणावरून खोली नाकारायची नाही. लग्नाला मात्र देशपातळीवर अजून मान्यता नाही, टोकियोनं नोव्हेंबर 2022 पासून जोडीदार नोंदणी सुरू केलीय, तीवर समाधान. दुसरी, दोन मैत्रिणींची: आम्ही कुठे जावं? गोल्ड फिंगर. शनिवारी फक्त बायकांसाठी असतो, म्हणून शनिवारीच जा.

तिसरी चिठ्ठी मला आवडली. "माझी आई साठीची आहे, तिला माझ्याबद्दल माहीत आहे, तिला घेऊन जाता येईल का?" येईल की. तळमजल्यावरचा मिक्स बार बघा, वरच्या मजल्यांचे जिने उभे आणि अरुंद असतात. नऊच्या आत जा, नंतर धूर आणि गोंगाट वाढतो. कराओकेच्या यादीत हिंदी गाणी फारशी नसतात, मराठी तर नाहीतच. पण आईंना यंत्राशिवाय गाता येत असेल तर माइक त्यांच्याच हातात येणार. आणि बिल त्यांना देऊ देऊ नका.