शून्याची नोंद

(पडद्यावर : ऑक्टोबरमधली संध्याकाळ. ओकच्या झाडावर वीसेक फुटांवर बांधलेली लोखंडी बैठक. साठीचा एक माणूस, मांडीवर धनुष्य.)

अमेरिकेतलं आयोवा राज्य. चार वाजल्यापासून हे गृहस्थ या झाडावर बसलेत. समोर कापणी झालेलं मक्याचं शेत, पलीकडे ओढा आणि ओढ्याकाठची झाडी. तीन तासांत दोन खारी दिसल्या, एक टर्की पक्ष्याची मादी दिसली, लांबवर बांधाच्या कडेनं जाणारा एक कोयोट, म्हणजे आपल्या कोल्ह्यासारखा तिथला प्राणी, दिसला. हरीण एकही नाही.

उतरायच्या आधी ते खिशातून छोटी वही काढतात. कपाळावरच्या दिव्याचा लाल उजेड लावतात आणि पेन्सिलीनं लिहितात : बसलो ४:००, उतरलो ७:००. वारा वायव्येचा. नर शून्य, मादी शून्य, पाडस शून्य. मग खाली : टर्की १, कोयोट १.

आपल्याकडे शिकारी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो भिंतीवर मुंडकी टांगणारा संस्थानिक. त्या चित्रात ही वही बसत नाही. रिकाम्या हातानं घरी जाणारा शिकारी शून्य कशाला लिहील?

(पडद्यावर : जुनी छायाचित्रं. तोडलेली जंगलं, नांगरलेली कुरणं.)

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. पांढऱ्या शेपटीचं हे हरीण चणीनं साधारण आपल्या चितळासारखं, पण नर बराच जड भरतो. ठिपके फक्त पाडसाच्या अंगावर, तेही हिवाळ्याआधी जातात. एकोणिसाव्या शतकात इथली कुरणं नांगराखाली आली, मांसासाठी आणि कातड्यासाठी बेबंद शिकार झाली, आणि हरीण जवळजवळ संपलं. १८९८ मध्ये आयोवानं हरणाची शिकार बंद केली. १९३६ मध्ये अख्ख्या राज्यात पाचशे ते सातशे हरणं उरली असावीत असा अंदाज होता. तिथून ती पुन्हा वाढली. १९५३ मध्ये शिकारीचा हंगाम परत सुरू झाला. आणि या शतकाच्या सुरुवातीला एका वर्षी तर दोन लाखांवर हरणं मारली गेली, तरी शेतकरी म्हणत होते, अजून जास्त आहेत.

लांडगा या भागातून केव्हाच नाहीसा झाला. कोयोट पाडसं उचलतो, पण धडधाकट मोठं हरीण क्वचितच त्याच्या हाती लागतं. आवर घालणारा उरला तो माणूस, त्याची बंदूक, त्याचं धनुष्य आणि रस्त्यावरच्या मोटारी.

इथे एक गंमतीची अडचण आहे. आयोवातली जवळजवळ सगळी जमीन खासगी, पण त्या जमिनीवरचं हरीण मालकाचं नाही. ते जनतेचं, राज्यानं सांभाळायचं. किती मारायचं याची चौकट राज्य ठरवतं. माद्यांसाठीचा कोटा तर जिल्हावार ठरतो. मात्र त्या चौकटीत कोणता प्राणी मारायचा आणि कोणता सोडायचा, हे शेवटी झाडावर बसलेल्या माणसाच्या हातात. तो चुकला तर कळप चुकतो.

आणि तो सहसा एकाच बाजूला चुकतो. सगळ्यांना हवा असतो शिंगांचा नर. कळपाची संख्या मात्र माद्यांवर ठरते. एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे चार नर मारले तरी पुढच्या उन्हाळ्यात पाडसं जवळपास तितकीच. मादी मारायची म्हटलं की जुन्या शिकाऱ्यांच्या जिवावर येतं. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये १९४३ साली, हरणं उपाशी मरताहेत म्हणून, बिनशिंगी हरणं मारायला परवानगी दिली, तेव्हा लोक इतके खवळले की त्या हंगामाला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ असं नावच पडलं. माद्यांची संख्या आटोक्यात आणा असं तेव्हा ठासून सांगणाऱ्यांत अल्डो लिओपोल्ड होते. ते मूळचे याच आयोवातले, बर्लिंग्टन गावचे. वन्यजीव व्यवस्थापनाला अभ्यासाचा विषय म्हणून उभं करणारा हा माणूस. तरीही लोकांनी ऐकलं नाही. ‘जंगलात मी फिरतो, मला माहितीय किती हरणं आहेत’, या वाक्यापुढे शास्त्रज्ञाचं फारसं चालत नाही. आपल्याकडेही चालत नाही म्हणा.

(पडद्यावर : वहीचं पान, जवळून.)

म्हणून मग वही. जंगलात फिरणाऱ्यालाच लिहायला लावायचं.

पान बघा. हरणांच्या आधी लिहिलेत तास, आणि खरी मेख इथेच आहे. ‘यंदा नुसती चाळीस हरणं दिसली, गेल्या वर्षी सत्तर’, असं म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षी तुम्ही पन्नास तास बसला होतात आणि यंदा गुडघा दुखतो म्हणून वीस तास, तर यंदा ताशी दोन दिसली आणि गेल्या वर्षी दीडही नाही. हरणं घटली नाहीत, बसणं घटलं. आणि रिकामी संध्याकाळ लिहिलीच नाही, तर तिचे तासही हिशेबातून पडतात आणि कळप आहे त्याहून मोठा दिसायला लागतो.

राज्याचं निसर्गसंपदा खातं २००४ पासून धनुर्धारी शिकाऱ्यांकडून अशाच नोंदी मागवतं. धनुष्यवालेच का? कारण बाण मारायचा तर हरीण वीस-तीस पावलांवर यावं लागतं. त्यासाठी तासन्‌तास हलायचं नाही, खोकायचं नाही. त्यांचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. बंदुकीचा मुख्य हंगाम डिसेंबरात, म्हणजे तोवर बारांचे आवाज फारसे नसतात, जनावर आपल्या चालीनं वावरतं. या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून दर हजार तासांमागे किती हरणं दिसली, ते काढतात. सोबत कोयोट, रॅकून, बॉबकॅट, टर्की यांचाही हिशेब लागतो.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. नर, मादी, पाडस. ऐकायला सोपं आहे.

(पडद्यावर : शेताच्या कडेला एकटं बिनशिंगी हरीण. कॅमेरा डोक्यावर स्थिरावतो.)

आता हे ओळखा. शिंगं नाहीत, म्हणजे मादी? थांबा. डोकं बघा. दोन कानांमधला भाग सपाट आहे, आणि तिथे केसांखाली दोन बारीक उंचवटे. हा याच वर्षी जन्मलेला नर आहे. जाणत्या मादीचं डोकं वरून गोलसर असतं, तोंड लांबुडकं. सांजवेळी उघड्या शेतात सगळ्यांच्या आधी एकटं घुसणारं बिनशिंगी पोर पुष्कळदा असा पाडसनरच निघतो. अनुभवी मादी तेवढी बेफिकीर नसते. ती कडेला थांबते, वारा घेते, पुढचा पाय जमिनीवर आपटते. खात्री पटली तरच पुढे. नाहीतर पांढरी शेपटी वर, आणि सगळा कळप झाडीत गुडुप.

या घाईत मादी समजून पाडसनर मारले जातात. वहीतही ते मादी म्हणून चढतात आणि सगळं गणित बिघडतं. म्हणून वहीत एक चौथा रकाना आहे : ओळख पटली नाही. हा रकाना कायम कोरा असेल, तर ती वही मी तरी शंकेनंच वाचीन.

वर्गवारीतून मिळतं दर मादीमागे किती पाडसं, हे प्रमाण. समजा, छत्तीस माद्या दिसल्या आणि अठरा पाडसं. म्हणजे मादीमागे अर्धं. चांगलं पोसलेली मादी बहुतेक वेळा जुळ्यांना जन्म देते. मग बाकीची गेली कुठे?

इथे नुसती वही पुरत नाही. पाडसं कमी असण्याची दोन अगदी उलटी कारणं असू शकतात. एक, हरणं इतकी वाढलीत की चारा पुरत नाही, माद्या अशक्त झाल्यात. मग इलाज म्हणजे माद्या जास्त मारणं. दोन, कळप आधीच विरळ आहे आणि जन्मलेली पाडसं कोयोट उचलतोय. अशा वेळी माद्या मारल्या तर उरलासुरला कळपही बसायचा. आकडा एकच, औषधं दोन.

(पडद्यावर : शेतघर. टेबलावर खालचे जबडे मांडलेले, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.)

निवाडा होतो या टेबलावर. मारलेल्या प्रत्येक हरणाचं वजन केलं जातं, खालचा जबडा काढून ठेवला जातो. तिसरी दाढ बघायची. दीड वर्षाच्या हरणात तिला तीन उंचवटे असतात, किंवा ती नुकतीच पडून तिथे दोन उंचवट्यांची नवी दाढ आलेली असते. त्यापुढचं वय दाढांच्या झिजेवरून. मादीच्या कासेत दूध होतं का, तेही चिठ्ठीवर लिहिलंय. दीड वर्षाच्या हरणांची वजनं वर्षागणिक उतरत गेली, तर चारा कमी पडतोय. वजनं नीट आहेत आणि तरी पाडसं नाहीत, तर संशय कोयोटवर.

हे सगळं ऐकताना आपल्याकडची बुद्धपौर्णिमेची रात्र आठवते. ताडोब्यात, मेळघाटात पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून रात्रभर आलेलं जनावर लिहायचं : सांबर तीन, अस्वल एक. फरक एवढाच की आपल्या मचाणावर हत्यार नसतं. १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे. पण झोप आवरत, डास मारत, ‘मघाचंच सांबर परत आलं की दुसरं?’ हा वाद दोन्हीकडे सारखाच.

त्या वादाला इथे पक्कं उत्तर नाही. एकच हरीण चार दिवस दिसतं आणि चारदा मोजलं जातं. नोव्हेंबरात माजावर आलेले नर दिवसाढवळ्या भटकतात, तेव्हा नरांचा आकडा एकदम फुगतो. चांगल्या झाडावर सगळ्यांनाच बसायचं असतं. म्हणून या वहीतून एकूण हरणं किती, ते काढू नये. त्याच झाडांवर, त्याच आठवड्यांत, दरवर्षी तशाच पद्धतीनं लिहिलं, तर कळप कुठल्या बाजूला झुकतोय ते समजतं. तेही तीन-चार वर्षांनी.

(पडद्यावर : तारेचं कुंपण. पलीकडे दुसरं शेत.)

या गृहस्थांच्या वह्या आता सहा झाल्यात. यंदा किती माद्या मारायच्या, ते त्यांनी त्यातून ठरवलंय : गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी. पण हे कुंपण बघा. हरीण त्यावरून उभ्या उभ्या उडी मारतं. त्यांचं शेत ऐंशी एकरांचं, आणि एका हरणाचा वावर कित्येक शे एकरांचा. दिवसभर ती शेजाऱ्याच्या झाडीत बसतात. तिथे काय मारलं जातं, ते यांच्या वहीत येत नाही.

म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी शेजाऱ्याला एक कोरी वही नेऊन दिली, रकाने आखून. काल ती बघायला मागितली. तीन पानं भरलीत. हवामान आहे, नर आहेत, एक कोयोटही आहे.

किती तास बसला होता, ते लिहायचं राहिलंय.