अरारातवरचं लाकूड

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात तुमच्यातल्याच तिघा-चौघांनी मला एकच फॉरवर्ड पाठवला, विमानातून काढलेला फोटो, डोंगरउतारावर होडीच्या आकाराचा मातीचा उंचवटा आणि खाली लिहिलंय की नोहाचं तारू, म्हणजे बायबलमधल्या महापुरात माणसं आणि प्राणी वाचवणारं जहाज, अखेर सापडलं. त्या फोटोकडे मी येतोच, पण आधी लाकडाबद्दल बोलू, कारण या शोधात माणसं लाकूड शोधतायत आणि लाकूड खरंच सापडलंय सुद्धा, एकदा नाही, अनेकदा.

बायबलमध्ये माप अगदी नेमकं दिलंय. 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच, गोफेर नावाच्या लाकडाचं आणि आतून-बाहेरून डांबर लावलेलं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, धरा 45 सेंटीमीटर, म्हणजे तारू झालं 135 मीटरचं. गोफेर म्हणजे कुठलं झाड हे अजून कोणालाच ठरवता आलेलं नाही. आणि ते टेकलं कुठे, तर "अरारातच्या पर्वतांवर", पर्वतावर नाही, पर्वतांवर. हे अनेकवचन फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण अरारात म्हणजे तेव्हाचा उरार्तू, एक अख्खा डोंगराळ मुलुख. आज आपण ज्याला अरारात म्हणतो तो पूर्व तुर्कस्तानातला 5,137 मीटरचा ज्वालामुखी, त्यावर बोट नंतर ठेवलं गेलं. कुराणात तर जूदी डोंगराचं नाव आहे आणि तो तिथून बराच दक्षिणेला, सीरियन ख्रिस्ती लोकांची जुनी परंपराही तिकडचीच. म्हणजे शोध सुरू करायच्या आधीच पत्ते दोन झाले.

तरी माणसं चढली अरारातवरच. आर्मेनियात एचमियाद्झिनला एक लाकडाचा तुकडा सोन्या-चांदीच्या पेटीत जपून ठेवलाय, कथा अशी की संत याकोब डोंगर चढायला जायचा आणि दर वेळी वाटेत झोप लागून पुन्हा खालीच जागा व्हायचा, शेवटी देवदूताने त्याला सांगितलं, वर येऊ नकोस, हा घे तुकडा. मला ही कथा मनापासून आवडते. मग 1829 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ फ्रीड्रिख पारोट आणि आर्मेनियन लेखक खाचातुर अबोव्यान पहिल्यांदा शिखरावर पोचले, अबोव्यान तर शिखरावरचा बर्फ घेऊन उतरला आणि त्याचं पाणी बाटलीत भरून पवित्र म्हणून जपलं. पण ते दोघं वर काय घेऊन गेले होते माहितेय? लाकडी क्रूस. 1850 मध्ये रशियन सर्व्हेवाले गेले, त्यांनीही क्रूस उभारला.

आता हे डोक्यात ठेवा आणि 1876 ला या. जेम्स ब्राइस नावाचा ब्रिटिश अभ्यासक एकटाच वर चढतोय आणि 13,000 फुटांच्या वर, जिथे झाड सोडा झुडूपही उगवत नाही, तिथे त्याला खडकात पडलेलं चार फुटी लाकूड दिसतं, हत्याराने तासलेलं. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल याचा विचार केला की अजून अंगावर काटा येतो. पण प्रश्न तोच, हे वर कोणी आणलं?

सगळ्यात गाजलं ते फर्नांड नवाराचं लाकूड. हा फ्रेंच माणूस 1955 मध्ये मुलाला बरोबर घेऊन गेला, बर्फाच्या भेगेत उतरला आणि तासलेल्या तुळईचा तुकडा कापून खाली आणला. स्पेनमध्ये लाकडाचा रंग, घट्टपणा वगैरे बघून अंदाज दिला गेला की सुमारे 5,000 वर्षं, आणि जगभर बातमी झाली. पुढे वेगवेगळ्या लॅबमध्ये कार्बन डेटिंग झालं तेव्हा वय निघालं साधारण बाराशे ते सतराशे वर्षं. म्हणजे ख्रिस्तानंतरचं, ज्या काळात त्या डोंगराला आधीच पवित्र मानत होते त्या काळातलं. रंगावरून वय ठरत नाही हो, ओल, बर्फ, क्षार, कशानेही लाकूड काळं पडतं. आणि बर्फाचं म्हणाल तर ग्लेशियर म्हणजे फ्रीजर नव्हे, तो सरकत असतो, अडकलेली वस्तू रगडत खाली आणतो, त्यात 135 मीटरचं जहाज हजारो वर्षं एका जागी अखंड राहील ही अपेक्षाच धरता येत नाही.

आता तुमचा फोटो. ही जागा अरारातवर नाहीच, दक्षिणेला सुमारे 30 किलोमीटरवर आहे. 1959 मध्ये तुर्की लष्कराचे कॅप्टन इल्हान दुरूपिनार यांना नकाशासाठी घेतलेल्या हवाई फोटोत हा आकार दिसला, लांबी जवळपास 160 मीटर, बायबलच्या मापाच्या आसपास, त्यामुळे कोणाचंही काळीज धडधडणारच. 1960 मध्ये टीम गेली, खणलं, सुरुंग लावला, निघाली माती आणि दगड. पुढे 1985 मध्ये डेव्हिड फासोल्ड तिथे आला, समुद्रात बुडालेल्या बोटी वर काढणारा माणूस, म्हणजे बोट ओळखायला याच्यापेक्षा लायक कोण. त्याने वर्षानुवर्षं यात घालवली, हेच तारू असं सांगणारं पुस्तकही लिहिलं.

मग भूगर्भशास्त्रज्ञ लॉरेन्स कॉलिन्स यांनी तिथले नमुने तपासले. तारवाच्या लोखंडी पट्ट्या म्हणून जे दाखवत होते ते निघालं लिमोनाइट, ज्वालामुखीच्या खडकातलं लोखंड गंजून साचलेलं. जवळच्या गावातले भोक पाडलेले मोठे दगड तारवाचे नांगर म्हणून दाखवतात, ते तिथल्याच अँडेसाइट या ज्वालामुखी खडकाचे आहेत आणि त्यांवर आर्मेनियन क्रूस कोरलेत. आता या कथेचं मूळ मानतात त्या इराकच्या गाळाच्या मैदानातून निघालेलं जहाज अरारातच्या खडकाचे नांगर कुठून आणणार? आणि तो आकार झालाय दरडीचा चिखल मधल्या टणक खडकाला वळसा घालून वाहत गेल्यामुळे. 1996 मध्ये या तपासणीचा संशोधन-पेपर छापून आला आणि त्यावर कॉलिन्स यांच्यासोबत दुसरं नाव होतं डेव्हिड फासोल्डचं.

आयुष्याची एवढी वर्षं दिलेल्या जागेबद्दल स्वतःच्या सहीने लिहायचं की हा निसर्गाने घडवलेला खडक आहे. मंडळी, या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात मोठा माणूस हाच वाटतो. दोन वर्षांनी तो गेला. त्या जागेवर तुर्कस्तानने पर्यटकांसाठी केंद्र उभारलंय, लोक येतात, फोटो काढतात, आणि अलीकडे तिथल्या मातीचे नमुने घेऊन पुन्हा बातम्या सुरू झाल्यात, पण माती जुनी असणं वेगळं आणि त्यात माणसाने तासलेली फळी असणं वेगळं.

ज्यांनी ज्यांनी फॉरवर्ड पाठवला त्या सगळ्यांना मी उत्तरात कॉलिन्स-फासोल्डचा तो पेपर पाठवलाय, अजून कोणाला हवा असेल तर नंतर माझ्याकडे या.