टपकणारं नोझल

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-चोपडा रस्त्यावरचं हे पत्र्याचं दुकान. शेतकऱ्याने पाणी उपसायचं अख्खं डिझेल इंजिन आणलेलं नाही. गोणपाटात गुंडाळून फक्त नोझल आणलंय, इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारा भाग.

मिस्त्री ते दाब तपासायच्या टेस्टरवर चढवतात, दांडा दाबतात. धुक्यासारखा फवारा यायला हवा. इथे बघा, टोकाशी थेंब लोंबतोय.

"नोझल टपकी ऱ्हायनं, भाऊ," मिस्त्री सांगतात.

इंजिन पाच हॉर्सपॉवरचं, मिनिटाला १५०० फेरे. दोन फेऱ्यांत एकदा डिझेल, म्हणजे मिनिटाला ७५० फवारे. पूर्वी डिझेल आत फुंकायला दाबाची हवा लागायची, वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंजेक्शन पंप मोठ्या संख्येने बनू लागले आणि लहान इंजिनांची वाट मोकळी झाली. ती वाट पुढे तापीकाठच्या केळीपर्यंत आली.

आता नोझल खुलतंय. स्प्रिंग, तिचा ताण ठरवणारी चकती म्हणजे शिम, आणि सुई. काजळी पितळी ब्रशने निघते. सुईला पॉलिश पेपर लावायचा नाही, चिंधीने पुसायचं नाही; एक धागासुद्धा आत अडकतो. सुई आणि बॉडी ही जुळवलेली जोडी, मधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश. एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही. म्हणून मिस्त्रींच्या ताटलीत एका वेळी एकच नोझल खुलं असतं. आमच्या शूटिंगचे तीनही दिवस ही शिस्त मोडली नाही.

'नवीनच टाका' म्हणणं सोपं असतं. हे मिस्त्री आधी सुई डिझेलमध्ये बुडवतात, बॉडीत घालतात, एक तृतीयांश वर ओढून सोडतात. पाहा... आपल्याच वजनाने, सावकाश, ती खाली उतरली. न अडखळता. हे नोझल अजून कामाचं आहे. चांगलं नोझल भंगारात जाताना पाहवत नाही.

दाबाच्या काट्यावर फवारा १६० बारलाच सुटत होता, सुटायला पाहिजे २०० ला. शिम वाढवली. पुन्हा दांडा.

कर्र... कर्र...

नोझल नीट फवारतंय हे सांगणारा हा आवाज मिस्त्री काट्याआधी ऐकतात. फवाऱ्यासमोर बोट मात्र कधीच धरत नाहीत. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

टपकतं नोझल तसंच चालवलं, तर डिझेल सिलिंडरचं ऑइल धुऊन काढतं, रिंगा झिजतात, खर्च अनेक पटींनी वाढतो.

दुपार. केळीच्या बागेत तांब्याचं नवं वॉशर घालून नोझल इंजिनात बसलं. डिझेलच्या पाइपाचा नट सैल करून आत अडकलेली एअर काढली. आधी बुडबुडे, मग सलग डिझेल. नट आवळला. हँडल मारलं.

एकदा. दोनदा.

पाटात पाणी.